विमान उतरले की पावती फाटते

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या कारंजा लाडला विमानतळ नाही. गुरुमंदिरात दर्शनाला येणारे लोक एसटीने येतात, कापूस ट्रकने जातो, आणि विमान आम्हाला दिसते ते फक्त आभाळात. तरीही विमानतळाच्या खर्चाचा विचार करण्याची वेळ आमच्या घरावर आली, ती २०२३ साली.

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे आपा म्हणतो. त्या वर्षी तिचे हजला जायचे ठरले. अर्ज भरताना कोणत्या विमानतळावरून निघणार ते लिहावे लागते. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, अशा तीन ठिकाणांहून विमाने जाणार होती. कारंज्याहून नागपूर जवळ, म्हणून आपाने नागपूर लिहिले. पुढे खर्चाचे आकडे आले. मुंबईहून जाणाऱ्याला सुमारे ३ लाख ५ हजार रुपये, नागपूरहून जाणाऱ्याला ३ लाख ६७ हजार, आणि औरंगाबादहून ३ लाख ९२ हजार. जवळच्या विमानतळावरून जायचे तर बासष्ट हजार रुपये जास्त! आपाने कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "का रे, नागपूरला विमान उतरवायचे एवढे पैसे घेतात का?"

मी कवितेचा माणूस, हिशेबात कच्चा. पण प्रश्न आपाचा होता, म्हणून शोधाशोध केली. तिच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की विमान उतरवायचे पैसे घेतात हे खरे, पण बासष्ट हजारांत त्या फीचा वाटा लहान असतो. मात्र ती लहानशी फी ज्या कारणांनी वाढते आणि घटते, जवळपास त्याच कारणांनी तिकीटही वाढते आणि घटते. ही फी समजली, की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

कारंजेकरांना हे समजावणे सोपे आहे, कारण आमच्या गावातून शकुंतला धावत होती. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची छोटी रेल्वे. तिचे रूळ एका खासगी ब्रिटिश कंपनीचे आणि गाडी चालवणार सरकारी रेल्वे. रूळ वापरल्याबद्दल रेल्वे त्या कंपनीला स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे पैसे देत राहिली. विमानाचेही तसेच आहे. विमान एकाचे, धावपट्टी दुसऱ्याची. ती वापरल्याचे जे भाडे, ते लँडिंग फी. आठवडी बाजारात जागा धरली की बैठकीची पावती फाटते, तशी विमान उतरले की ही पावती फाटते. गंमत म्हणजे पैसे फक्त उतरण्याचे लागतात, उडण्याची वेगळी पावती नसते. जे उतरले ते कधीतरी उडणारच, असा सरळ हिशेब.

या पावतीवरचा आकडा ठरतो तो मुख्यतः वजनावर. उडताना विमानाचे जास्तीत जास्त वजन किती असू शकते, ते त्याच्या कागदपत्रांत लिहिलेले असते. त्या वजनावर टनामागे आकारणी होते. विमान धर्मकाट्यावर चढवत नाहीत. ते अर्धे रिकामे आले तरी फी तीच. टोल नाक्यावर रिकाम्या ट्रकला टोल माफ होत नाही, तसेच हे. अमरावतीला येणारे एटीआर ७२ जातीचे पंख्याचे विमान साधारण २३ टनांचे. मुंबई-नागपूर मार्गावर दिसणारे एअरबस ए-३२० निओ ७९ टनांपर्यंतचे. लांब पल्ल्याचे बोइंग ७७७ तर ३५१ टनांच्या घरात जाते. वजन वाढत जाते तसा टनामागचा दरही पायरीपायरीने वाढतो. देशांतर्गत विमानाला दर कमी आणि परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या विमानाला जास्त, अशीही रीत आपल्याकडे आहे.

वजनच का? कारण धावपट्टीची झीज वजनाने होते. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूत उतरले, तेव्हा त्यांचे विमान अगदी हलके होते. जुहूचे मैदान मातीचे होते. पावसाळ्यात तिथे चिखल होई आणि टाटांना आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे. मातीवर उतरायचे तर खर्च थोडा, पण उतरणारे विमानही हलकेच हवे. तीनशे टनांचा बोजा पेलायचा तर खाली जाड थरांची पक्की धावपट्टी लागते, लांबीही वाढवावी लागते. आणि एकदा बांधली म्हणजे संपले असे नाही. टायरचे रबर घासून पट्टीला चिकटते, ते काढावे लागते. दिवे, रंगाचे पट्टे, भेगांची डागडुजी सतत चालू ठेवावी लागते.

पण मंडळी, केवळ वजन धरले तर मुंबई आणि नागपूर यांत फरक पडायला नको. टन सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टीने. विमानतळाचा बहुतेक खर्च बांधलेला असतो. दिवसात एक विमान उतरो की शंभर, आगीचा बंब तयार ठेवावाच लागतो. त्यावरची माणसे पाळीने हजर असावीच लागतात. सुरक्षा रक्षक, कुंपण, वीज, हवामानाची यंत्रे यांतले काही सोडता येत नाही. वाढीव विमानांनी हा खर्च फारसा वाढत नाही, आणि विमाने कमी झाली म्हणून घटतही नाही.

एक कल्पित हिशेब मांडून पाहू. समजा, एका लहान विमानतळाचा वर्षाचा खर्च दहा कोटी रुपये आहे. तिथे आठवड्यातून तीन दिवस सत्तर आसनांचे एक विमान उतरते, म्हणजे वर्षाला १५६ वेळा. सगळा खर्च लँडिंग फीतून काढायचा तर प्रत्येक उतरण्याला सुमारे ६ लाख ४१ हजार रुपये घ्यावे लागतील. विमान भरून निघाले तरी प्रत्येक प्रवाशाच्या डोक्यावर ९ हजार १५० रुपये पडतील, आणि यात विमानाचे इंधन, वैमानिकाचा पगार काहीच आले नाही. आता त्याच धावपट्टीवर रोज दहा विमाने उतरू लागली आणि खर्च तेवढाच राहिला, तर डोक्यावरची रक्कम होते ३९० रुपये. धावपट्टी तीच आणि बंबही तोच. फक्त वाटेकरी वाढले.

म्हणून रिकामा विमानतळ महाग आणि भरलेला स्वस्त, असे म्हणावेसे वाटते. तेही पूर्ण खरे नाही. अति गर्दी झाली की जागेलाच किंमत येते. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. सगळ्यांना सकाळचीच वेळ हवी असते. जगात काही विमानतळ अशा वेळी वेळेनुसार आणि आवाजानुसार दर लावतात. लंडनच्या हिथ्रोला गोंगाट करणाऱ्या विमानाला जास्त आणि शांत विमानाला कमी पैसे पडतात. जपानमध्ये ओसाकाजवळ समुद्रात भराव टाकून बेट तयार केले आणि त्यावर कान्साई विमानतळ १९९४ साली सुरू झाला. बेट बांधायचा अवाढव्य खर्च, त्यात ते बेट खचत राहिलेले. सुरुवातीच्या काळात तिथली लँडिंग फी जगातल्या सर्वांत महाग फींपैकी एक होती. जमीन मिळवणे जितके अवघड, तितकी पावती जड.

तिसरी गोष्ट म्हणजे गल्ल्याची. विमानतळाला दोन प्रकारची कमाई असते. एक विमानांपासूनची, म्हणजे लँडिंग, पार्किंग वगैरे. दुसरी चहाच्या टपरीपासून सोन्याच्या दुकानापर्यंतची भाडी, जाहिराती आणि वाहनतळाची. आता प्रश्न असा, की दोन्ही कमाया एकाच गल्ल्यात टाकायच्या की वेगवेगळ्या? एकच गल्ला ठेवला तर दुकानांच्या भाड्याने विमानतळाचा खर्च भागतो आणि विमानांची फी उतरते. गल्ले वेगळे ठेवले तर दुकानांचा सगळा नफा चालवणाऱ्याचा आणि धावपट्टीचा सगळा खर्च विमानांचा. आपल्या देशाने २०१६ च्या विमान वाहतूक धोरणात मधला मार्ग धरला. दुकानांच्या कमाईतला ३० टक्के वाटा फी कमी करण्यासाठी धरायचा. हा हिशेब तपासायला केंद्राचे एक आर्थिक नियामक प्राधिकरण आहे. त्याचा कायदा २००८ सालचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वर्षाला ३५ लाखांहून अधिक प्रवासी असलेले मोठे विमानतळ त्याच्या कक्षेत येतात.

यात ठेकेदारीही आली. आपल्याकडे बाजार वसुलीचा हर्रास होतो. जो नगरपालिकेला जास्त देईल त्याला ठेका. विमानतळांचेही तसेच होते. मुंबईचा विमानतळ २००६ साली खासगी हाती गेला तेव्हा उत्पन्नातला ३८.७ टक्के वाटा सरकारी विमानतळ प्राधिकरणाला द्यायचे ठरले. नागपूरसाठी आधी ५.७६ टक्क्यांची बोली आली, मग वाटाघाटीत ती १४.४९ टक्के झाली, पुढे तो व्यवहारच रद्द झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. शेवटी २०२४ साली कंपनीच्या बाजूने त्यावर पडदा पडला. मुंबईसारख्या ठिकाणी हा वाटा खर्च म्हणून दाखवून फी वाढवता येत नाही, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. तरी ज्याने बोली लावली त्याला ती भरून काढायची असतेच, मग दुकाने वाढतात आणि विमानतळावर चहा महागतो.

अलीकडे आणखी एक बदल दिसतो. लँडिंग फी विमान कंपनी भरते, ती प्रवाशाला दिसत नाही. तिकिटावर दिसते ती युजर डेव्हलपमेंट फी, म्हणजे यूडीएफ. मुंबई विमानतळाने २०२५ साली नवे दर मागताना कंपन्यांचे लँडिंग-पार्किंगचे दर सुमारे ३५ टक्क्यांनी उतरवायचे आणि देशांतर्गत प्रवाशाकडून ३२५ रुपये यूडीएफ घ्यायचे असा प्रस्ताव दिला होता. नियामकाने त्याहून कमी यूडीएफ मंजूर केला. पण दिशा कळते. लँडिंग फी कमी झाली अशी बातमी वाचली, की ते पैसे दुसऱ्या कोणत्या ओळीत गेले तेही पाहावे. धावपट्टीचा खर्च कुठेतरी वसूल होतोच.

आता आपल्या अंगणात येऊ. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. धावपट्टी वाढवून १,८५० मीटर केली होती. अलायन्स एअरचे एटीआर विमान मुंबईहून आले, सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. वऱ्हाडाला आनंद झाला, मलाही झाला. आमच्या गावातल्या एका मुलाने मला विचारले, "चाचा, इथे लँडिंग फी किती असेल?" मी म्हटले, "काहीच नाही." तो हसला. त्याला वाटले मी थट्टा करतो.

पण ते खरे आहे. केंद्र सरकारने २००४ सालीच ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत नियमित विमानांना लँडिंग फीतून सूट दिली होती, लहान गावे जोडली जावीत म्हणून. २०१६ साली 'उडान' योजना आली. तिच्यात लँडिंग आणि पार्किंग माफ. विमानाच्या इंधनावर राज्याने एक टक्क्याहून जास्त कर घ्यायचा नाही. पोलीस आणि अग्निशमन राज्याने फुकट द्यायचे. शिवाय ठरावीक आसने स्वस्तात विकल्याने कंपनीला जो तोटा होईल तो तीन वर्षे भरून द्यायचा. त्यातला ८० टक्के भाग केंद्राच्या निधीतून आणि २० टक्के राज्याकडून. केंद्राचा तो निधी कुठून येतो? मोठ्या शहरांमधल्या विमानांवर आकार बसवून. डिसेंबर २०१६ मध्ये तो आकार एका उड्डाणाला अंतराप्रमाणे साडेसात ते साडेआठ हजार रुपये होता.

म्हणजे अमरावतीला विमान फुकट उतरते, पण पावती फाटतेच. ती दिल्ली-मुंबईच्या प्रवाशाच्या तिकिटात थोडी आणि राज्याच्या तिजोरीत थोडी फाटते. तिजोरीत विमानात कधी न बसलेल्या माणसाचाही पैसा आहे. मला यात गैर वाटत नाही. रस्ते, पूल, शाळा आपण सगळे मिळूनच बांधतो, आणि मागास भागाला आधाराची गरज असतेच. पण हा आधार तीन वर्षांचा आहे, हे विसरून चालणार नाही.

तीन वर्षांनंतर काय होते ते कोकणाने पाहिले. सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. मुंबईचे विमान रोज येऊ लागले. मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या कंपनीने ते विमान बंद केले. नांदेडहून २७ एप्रिल २०१७ रोजी हैदराबादचे विमान सुरू झाले, ते उडानच्या अगदी पहिल्या मार्गांपैकी एक. ती कंपनी २०२२ साली थांबली. पुढे दुसऱ्या कंपनीने नांदेडहून विमाने सुरू केली तेव्हा कुठे तो विमानतळ पुन्हा गजबजला. देशाचे महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांनी २०२३ साली या योजनेचा हिशेब मांडला. तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली. आणि आधार संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकलेले मार्ग होते ५४.

याचे कारण वरच्या कल्पित हिशेबातच आहे. वाटेकरी वाढले नाहीत, तर आधार काढताच सगळा भार उरलेल्या थोड्या प्रवाशांवर पडतो. तिकीट महागते, प्रवासी आणखी घटतात, आणि एके दिवशी विमान येत नाही. आमची शकुंतलाही आता धावत नाही. तिचे रूळ पाहिले की मला आकडे समजावून घ्यावे लागत नाहीत.

आपल्याकडे अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढवायची मागणी जुनी आहे, शेजारी कृषी विद्यापीठाची जमीन असल्याने तो प्रश्न वर्षानुवर्षे गाजतो आहे. प्रत्येक जिल्ह्याला विमानतळ हवा असे सगळेच म्हणतात. हवा, मी नाही म्हणत नाही. पण धावपट्टी किती मीटरची हे विचारताना तिच्यावर आठवड्याला किती विमाने उतरणार, कोण बसणार, आणि चौथ्या वर्षी खर्च कोण देणार, हेही विचारले पाहिजे. अकोला आणि अमरावती यांच्यात शंभर किलोमीटरही अंतर नाही. तेच प्रवासी दोन ठिकाणी वाटले गेले, तर दोन्ही पावत्या जड होतील.

आता आपाचे बासष्ट हजार. हजसाठी कंपन्यांकडून प्रत्येक विमानतळाचे दर वेगळे मागवतात. मुंबईहून जाणारे यात्रेकरू खूप, विमान कंपन्याही खूप. लहान ठिकाणी यात्रेकरू कमी, येणाऱ्या कंपन्या कमी, आणि विमान मुद्दाम तिथे आणावे लागते. यात्रेकरूंना सोडून ते रिकामे परतते, त्या रिकाम्या फेरीचा खर्चही भरलेल्या फेरीतूनच निघतो. केरळात कोझिकोडला २०२० च्या अपघातानंतर मोठी विमाने उतरवणे थांबले. २०२४ साली तिथून हजचे तिकीट शेजारच्या कण्णूर आणि कोचीपेक्षा कितीतरी महाग झाले, आणि तिथल्या लोकांनी आरडाओरड केल्यावर थोडे उतरले. कुठे धावपट्टी आखूड पडते, कुठे माणसे थोडी पडतात. भार वाटून घेणारे कमी झाले, की प्रत्येकाचा वाटा वाढतोच.

मी हे सगळे आपाला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे नागपूर लिहिणारे आम्ही थोडे होतो, हीच आमची चूक?" मला उत्तर सुचले नाही. चूक तिची नव्हतीच. घराजवळून जावेसे वाटणे यात चूक कसली? त्या वर्षी तिने ते पैसे भरले आणि नागपूरहूनच गेली. मुंबईचा लांबचा प्रवास, तिथला मुक्काम, सोबत कोण येणार, हे सगळे तिने मनाशी मांडून पाहिले होते.

आता गल्लीत कोणी हजचा अर्ज भरायला काढला, की सल्ल्यासाठी आधी आपाकडे येतो. ती चष्मा लावते, कागद पाहते, आणि पहिला प्रश्न विचारते, "यंदा तिथून किती जण जाताहेत?"